स्वतंत्र व्यवसाय

जितेंद्रकाका दुकानात आले तेव्हा शमिका एका बाईंच्या पायात सात नंबरचा जोड चढवत होती आणि बाई "मेरा छह है, हमेशा से छह है" म्हणून अडून बसल्या होत्या. काका दाराशीच थबकले. आत यावं की फुटपाथवरूनच हाक मारावी, हे त्यांचं ठरेना. न्यू मार्केटमधलं हे दुकान त्यांच्या सख्ख्या चुलत भावाचं. उघडून पासष्ट वर्षं झालेली. त्यांच्या अरेरा कॉलनीतल्या बंगल्यापासून गाडीने दहा मिनिटांवर. पण एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात काकांनी या दुकानाची पायरी चढलेली नव्हती.

काका अनवाणी हिंडत होते असं मात्र नाही. त्यांच्या पायातला प्रत्येक बूट याच दुकानातला होता. तो त्यांना घरपोच मिळे. "वसंता, ऑफिसचे काळे, आठ नंबर," एवढा फोन आला की शमिकाचे बाबा स्कूटरवर तीन खोकी बांधून निघत. काका आपल्या दिवाणखान्यात बसून जोड पायात घालून बघत, एक ठेवून घेत, उरलेले दोन काही दिवसांनी परत पाठवत. परत आलेल्यातला एखादा कुणाच्या तरी लग्नात मिरवून आलेला असे, तळाला मांडवातली माती तशीच. बाबा फडक्याने माती पुसत आणि तो जोड मुकाट खालच्या फळीवर ठेवून देत. काका दुकानात का येत नाहीत, असं शमिकाने लहानपणी एकदा विचारलं होतं. "मोठ्या हुद्द्यावर आहेत ना ते," बाबा म्हणाले होते, "वेळ कुठे असतो त्यांना." या वेळ नसलेल्या गृहस्थांना क्लबात रोज संध्याकाळी पत्ते खेळताना सगळं भोपाळ बघत असे.

"या काका," शमिका म्हणाली. "बसा."

काकांनी आजूबाजूला खुर्ची शोधली. दुकानात खुर्ची नव्हती. गिऱ्हाइकांसाठी भिंतीलगत लांब बाक होता आणि त्याच्यासमोर दोन बुटकी स्टुलं, ज्यांच्यावर शमिका आणि तिच्याकडे काम करणारी कांचन बसत. ज्याचा पाय बघायचा तो वर, बघणारा खाली. काका बाकाच्या अगदी टोकाला टेकले, जणू बाकालाही कातडं लावलेलं असावं. मग बगलेतली फाइल त्यांनी मांडीवर उघडली.

"कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती काढतोय आपण," ते म्हणाले. "भोपाळ शाखेचं सगळं संपादन माझ्याकडे दिलंय पुण्याच्या मंडळींनी. डिसेंबरात संमेलनही इथेच घ्यायचं ठरलंय. तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, वसंताचा हा फॉर्म भरून. दुसरी, एक जाहिरात. आतलं मुखपृष्ठ मी तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

राखून ठेवलंय, हे त्यांनी असं सांगितलं की जणू पुण्याला त्या पानासाठी मारामाऱ्या चालल्या होत्या.

"देऊ की," शमिका म्हणाली. "सँडलचा एक छान फोटो आहे माझ्याकडे."

"फोटो नको." काका घाईने म्हणाले. "समोरच्या पानावर कुलदेवी आहे. बरं नाही दिसणार. नुसतं 'शुभेच्छुक, वडनेरकर परिवार, भोपाळ' एवढंच टाकू. किंवा फारच वाटलं तर 'फॅशन ॲक्सेसरीज'. पुण्याच्यांनी सुचवलाय तो शब्द."

"आणि फॉर्ममध्ये व्यवसाय काय लिहू?"

"मागच्या दोन्ही वेळेला काय लिहिलंय ते बघून मी..."

"मागच्या वेळी 'व्यापार' लिहिलंय. त्याच्या आधी 'स्वतंत्र व्यवसाय'. काका, चपला विकतो आम्ही. साठ-पासष्ट वर्षं तेच करतोय. चपला लिहा ना."

बाकावरच्या बाईंनी शेवटी सातचाच जोड घेतला होता. त्या कांचनबरोबर गल्ल्याकडे गेल्या. काका त्या लांब जाईपर्यंत थांबले.

"शमिका, हा ग्रंथ आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पुढच्या पिढ्या वाचतील."

पुढच्या पिढ्या. शमिकाला त्यातला एक नमुना चांगला ठाऊक होता. काकांचा कौस्तुभ अमेरिकेत होता आणि आजोबांचं पूर्ण नाव हवं झालं की तो वडिलांना फोन करून विचारे.

या ग्रंथाशी तिचं वैर जुनं होतं. कारण तिच्या घरात तिच्या आजोबांची गोष्ट देवापुढच्या निरांजनासारखी जपलेली होती. नरहर वडनेरकर, म्हणजे घरातले नाना, नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून. छप्पन साली राज्यं नव्याने आखली गेली, कचेऱ्या भोपाळला हलल्या, त्यांच्यामागून टोपल्या-वळकट्या घेऊन नागपूरची शेकडो घरं हलली, त्यांतलं एक त्यांचं. तीन वर्षांनी एका साहेबाने नरहरांना आपले बूट चौकातून शिवून आणायला पाठवलं. नरहरांनी ते शिवून आणले, साहेबाच्या टेबलावर फायलींच्या मधोमध ठेवले आणि शेजारी राजीनामा ठेवला. "बूटच उचलायचे तर माझ्या दुकानातले उचलीन," असं म्हणून ते बाहेर पडले. जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे वर्षभर बसून त्यांनी चामडं ओळखायला, पाय मापायला शिकून घेतलं आणि दुकान टाकलं. त्या कारागिराचं नाव मात्र घरात कुणाला सांगता येत नसे.

ब्राह्मणाच्या घरात कातडं आलं म्हणून थोरल्या भावाने, म्हणजे जितेंद्रकाकांच्या वडिलांनी, नरहरांकडचं पाणी सोडलं. श्राद्धाच्या पंगतीत त्यांचं पान व्हरांड्यात वाढलं जाऊ लागलं. आणि चौऱ्याहत्तर साली कुलवृत्तांत निघाला तेव्हा त्यात छापून आलं, 'नरहर, भोपाळ, स्वतंत्र व्यवसाय.' बस. वडनेरकरांतल्या एका तलाठ्यावर त्यात अर्धं पान होतं. एका नातलगाने बदलापूरच्या शाळेत एकदा पेटी वाजवली होती, तेही होतं. आणि नोकरी लाथाडून स्वतःच्या पायावर उभा राहिलेला माणूस चार शब्दांत गुंडाळलेला. थोरल्या आजोबांनी मुद्दाम केलं ते, हे शमिकाला लहानपणापासून माहीत होतं. ती ही गोष्ट कॉलेजात सांगे, सासरी सांगे, दुकानात येणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना सांगे. ती सांगताना तिचा आवाज नेहमी एक पट्टी वर चढे.

काका फाइल मिटून उठायला लागले आणि शमिकाचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. लक्ष गेलं म्हणण्यातही अर्थ नाही. अठरा वर्षं त्या बुटक्या स्टुलावर काढलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड नंतर दिसतं. काकांचा डावा बूट अंगठ्याच्या मुळाशी फुगला होता. उठताना त्यांनी भार बाहेरच्या कडेवर टाकला. चेहऱ्यावर दुखल्याची रेषही उमटली नाही, आणि तिला तेच खटकलं.

"काका, बूट काढा जरा."

"कशाला?"

"पाय बघते. हा आठ तुम्हाला होत नाही. तुमचा पंजा रुंद झालाय, नऊ लागेल. आणि मोजाही ओला वाटतोय. शुगर किती आहे तुमची?"

काकांनी कांचनकडे बघितलं, गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या बाईंकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले.

"माझा नंबर आठ आहे," ते म्हणाले. "वसंताला विचार." आणि दोन पावलं गेल्यावर शांतपणे म्हणाले, "घरातल्या मुलीने बाजारात बसून पुरुषांचे पाय हातात घ्यावेत, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही. वसंताला मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती."

ते निघून गेले. शमिकाने फॉर्म घेतला, 'व्यवसाय' या रकान्यात ठळक अक्षरांत 'चपला-बुटांचं दुकान' असं लिहिलं, खाली 'सध्या दुकान कोण पाहते' असा रकानाच नव्हता म्हणून तो स्वतः आखून त्यात आपलं नाव घातलं आणि त्याच दुपारी पाठवून दिला.

"दीदी, ये आपके सगे हैं?" कांचनने विचारलं.

"कागज पे हैं," शमिका म्हणाली.

महिन्याभराने भोपाळ शाखेची कच्ची प्रत फोनवर आली. शमिकाने ती मिसरोदच्या घरून निघाल्यावर, पराग शेजारी गाडी चालवत असताना उघडली. पराग तिचा नवरा. मंडीदीपच्या कारखान्यात इंजिनियर, स्वभावाने थंड. जितेंद्रकाकांच्या स्वतःच्या नोंदीला दीड पान होतं. ते कोणकोणत्या जिल्ह्यांत कोणकोणत्या पदांवर होते हे क्रमाने दिलेलं होतं, प्रभारी म्हणून सांभाळलेल्या पदांसकट. कौस्तुभला एक पान, त्यात 'छंद : डोंगरभ्रमण, विविध देशांचे चीज चाखणे'. आणि वसंत नरहर यांना दोन ओळी. 'बी.ए., व्यापार. आता निवृत्त. कन्या शमिका, बी.कॉम., विवाहित.'

"म्हणजे दुकान बंद पडलं," ती म्हणाली. "बाबा निवृत्त, मी विवाहित. संपलं. उद्यापासून शटर खाली."

"मी तर त्यात नाहीच," पराग म्हणाला. "मला बरं वाटतंय."

तिने गाडी कोटरा सुल्तानाबादला, बाबांच्या घराकडे वळवायला लावली. बाबा सकाळचं ऊन अंगावर घेत बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होते. गुडघे गेल्यापासून दुकान त्यांनी सोडलं होतं, पण शर्टाच्या खिशात पाय मापायची जुनी पितळी पट्टी अजून असे. शमिकाने फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा सारखा करून दोन्ही ओळी वाचल्या.

"ठीक आहे की," ते म्हणाले. "जाऊ दे."

"हेच. हेच करत आलात तुम्ही जन्मभर. त्यांचे बूट पोचवले, माती पुसली, आणि जाऊ दे. नाना असते तर हा ग्रंथ त्यांच्या तोंडावर फेकला असता. थोरल्या आजोबांनी नानांना चार शब्दांत उडवलं, आता त्यांचा मुलगा मला..."

"थोरल्या काकांनी नाही उडवलं," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"थोरल्या काकांनी लिहिलं होतं 'नरहर, भोपाळ येथे जोड्यांचे दुकान'. छापायला द्यायच्या आधी तो कागद नानांकडे बघायला पाठवला होता. नानांनी ते खोडलं. 'स्वतंत्र व्यवसाय' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि पाकीट माझ्याकडे दिलं. मीच पोस्टात टाकलं ते. चोवीस वर्षांचा होतो."

शमिकाने समोर धरलेला फोन खाली घेतला.

"थोरल्या काकांचं उलट टपाली उत्तर आलं. 'जे करतोस ते लिहिलं. लाज वाटत असेल तर करू नकोस.' ते पत्र नानांनी फाडलं. मग त्या दोघा भावांत बोलणंच थांबलं."

"का पण?"

"आत्याचं लग्न जमत नव्हतं ना. चार ठिकाणी मोडलं होतं. ग्रंथ सगळ्यांच्या घरात जाणार. नानांना वाटलं, चपला दिसू नयेत." बाबांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. "आणि मला विचारशील तर, त्यांना ते कधीच आवडलं नव्हतं. पाय हातात घेतल्यावर दुपारी जेवायला बसायच्या आधी ते तीनदा हात धुवायचे. साबणाने. तू लहान होतीस."

"आणि ती बुटांची गोष्ट? साहेबाच्या टेबलावर बूट ठेवले ती?"

"बूट शिवून आणले होते. टेबलावर नसतील ठेवले." बाबा म्हणाले. "मला सांगायचं होतं गं. पण तू ती गोष्ट इतकी छान सांगायचीस."

ती गाडीत परत बसली. नानांचा तिला राग आला. तीनदा हात धुणाऱ्या आजोबांचं तिने पन्नास गिऱ्हाइकांपुढे कौतुक केलं होतं. थोरल्या आजोबांना, म्हणजे ज्यांनी एकट्यांनी खरं लिहिलं होतं त्यांना, तिने पन्नासदा शिव्या घातल्या होत्या. त्यांनीही पान व्हरांड्यात वाढायला लावलंच होतं, म्हणून त्यांच्याकडेही जाता येईना. एकूण वडनेरकरांत जीव लावावा असा एकही माणूस तिला सापडेना. बाबा होते, पण त्यांचाही आत्ता राग आलेला होता.

संमेलनाला ती जाणार नव्हती. बाबा जायचं म्हणाले आणि त्यांना एकटं सोडता येईना, म्हणून गेली.

अरेरा कॉलनीतला हॉल सकाळी दहालाच भरला होता. पुण्याहून, नागपूरहून, इंदूरहून दीडएकशे वडनेरकर आलेले. एका भिंतीवर कापडावर छापलेला भलामोठा वंशवृक्ष लावला होता आणि लोक फांद्यांवर बोट ठेवून आपापली पानं शोधत होते. मुलींची पानं फिक्या रंगात छापली होती. शमिकाने आपलं पान बघितलं, त्याच्यापुढे फांदी नव्हती. "कापड सारखं घसरतंय," असं म्हणत जितेंद्रकाका सकाळपासून मुठीत टाचण्या घेऊन त्याच्या कडा भिंतीला टोचत होते. पूजेचे यजमानही तेच, म्हणून सोवळं नेसलेले, अनवाणी. संबंध हॉलमध्ये पांढरी चादर अंथरली होती. यजमान सगळ्यांना भेटत, नमस्कार घेत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते.

आरती संपली आणि भाषणं सुरू झाली. पुण्याच्या अध्यक्षांनी कुळाच्या तेजस्वी परंपरेवर पाऊण तास घेतला. ते 'तेजस्वी' म्हणाले की पुढच्या रांगेतले म्हातारे माना डोलवत. त्याच वेळी शमिकाच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "कुंकू सांडलंय बघ कुणाचं तरी. चांगलं असतं म्हणा."

चादरीवर लाल ठिपके होते. एकसारख्या अंतरावर, रांगेने, वंशवृक्षापासून देवीच्या चौरंगापर्यंत आणि चौरंगापासून मंचापर्यंत. दोन बायका त्यांना ओलांडताना पदर सावरून नमस्कार करून गेल्या. शमिकाने खाली वाकून पाहिलं. ठिपका ओला होता, कडेला तपकिरी पडत चाललेला. अठरा वर्षांत तिने हे मोज्यांच्या तळाला अनेकदा पाहिलं होतं.

तिने मंचाकडे नजर टाकली. काका अध्यक्षांच्या शेजारी खुर्चीत बसले होते, हसतमुख, भाषणाचा कागद हातात. डाव्या पायाखाली चादर भिजली होती आणि त्यांना ते कळलेलं नव्हतं.

शमिका उठून मंचावर गेली. अध्यक्ष बोलता बोलता अडखळले. ती काकांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली आणि त्यांचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्यात एक टाचणी डोक्यापर्यंत रुतली होती. पण टाचणी नंतरची. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, रुपयाएवढी जुनी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, शेजारचं बोट काळवंडलेलं.

"काय करतेस?" काका दातांवर दात ठेवून कुजबुजले. "लोक बघताहेत."

"तुम्हाला टाचणी टोचलेली कळली नाही ना?"

"कसली टाचणी?"

"चला, हॉस्पिटलला जायचं. आत्ता."

"माझं भाषण राहिलंय."

"तुम्ही उठला नाहीत तर मी अशीच पाय धरून बसेन," शमिका म्हणाली. "भाषण संपेपर्यंत. फोटोही निघतील."

हॉलमधल्या दीडशे वडनेरकरांपैकी एकही जागचा हलला नाही. कुणीतरी "अरे, पाणी द्या" म्हणालं, पाणी कशासाठी हे कुणालाच माहीत नव्हतं. कमलकाकू, काकांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून मंचाच्या पायरीशी उभ्या होत्या. शमिकाने ओढणीची घडी करून पायाला बांधली. मग गर्दीतून एकच माणूस गुडघे सावरत पुढे आला, ते बाबा. त्यांनी काकांच्या काखेत हात घातला. "चल, जितू," ते म्हणाले. काका उठले.

गाडीत मागच्या सीटवर काकांचा पाय शमिकाच्या मांडीवरच होता. काकूंनी पुढून मागे वळून सांगितलं, "सहा महिने झाले. मला बघूसुद्धा देत नव्हते. रोज स्वतः पट्टी करायचे, न्हाणीघराचं दार लावून. आज सोवळ्यासाठी तीही काढली असणार."

"आठ नंबरच्या बुटात कोंबायचे," शमिका म्हणाली. काका खिडकीबाहेर बघत होते.

एक बोट काढावं लागलं. दोन आठवडे उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कौस्तुभने व्हिडिओ कॉलवर वडिलांना मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यावी यावरचा एक लेख पाठवतो म्हणून सांगितलं आणि पाठवलाही. जखम भरत आल्यावर शमिका हॉस्पिटलात गेली, कागदावर पायाचा आकार काढून घेतला आणि आग्र्याच्या कारागिराकडून आतून मऊ रबराची, पुढून रुंद, मागे पट्ट्याची चप्पल करून आणली. काकांनी ती पायात घातली, खोलीत चार पावलं चालून बघितली.

"बरी आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "छान आहे." आणि मग बराच वेळ त्यांनी शमिकाचा हात हातात धरून ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. तिलाही गलबलून आलं आणि त्याचा तिला रागही आला.

"कुलवृत्तांताचं काम थांबलंय का?" तिने विषय बदलला.

"छे. शेवटचे प्रूफ मी इथेच तपासले. तुझी नोंद मी बदलली आहे," काका म्हणाले. "बघशीलच. मी चुकलो होतो."

घरी जाताना तिला हलकं वाटत होतं. पासष्ट वर्षांनी का होईना, एका वडनेरकराला अक्कल आली, असं तिने परागला फोनवर सांगितलं. एका बोटाच्या बदल्यात, असंही सांगितलं.

ग्रंथ फेब्रुवारीत आला. कुरिअरवाल्याने दुकानात आणून दिला. त्या दिवशी बाबा दुकानात आले होते, अधूनमधून येत तसे, बाकावर बसले होते. जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. शमिकाने भोपाळ शाखा काढली. दोन ओळींच्या जागी सहा झाल्या होत्या. 'कन्या सौ. शमिका, बी.कॉम. अत्यंत सेवाभावी व मनमिळाऊ. रुग्णांच्या, विशेषतः वृद्धांच्या पायांची निरपेक्ष सेवा करतात. क्षेत्र : समाजसेवा. कुळास त्यांचा अभिमान आहे.' दुकानाचा शब्द कुठेही नव्हता.

तिने तिथूनच काकांना फोन लावला.

"मिळाला ना?" काका आनंदाने म्हणाले. "वाचलंस?"

"वाचलं. काका, दुकान कुठे गेलं?"

"अगं, दुकान काय, कुणीही टाकतं," काका म्हणाले. "तुझं काम त्याच्यापेक्षा मोठं आहे. मी पुण्याच्या लोकांशी भांडून घेतल्यात त्या चार ओळी. तिथे दुकान लिहिलं असतं तर सगळं उणं झालं असतं. तुला नाही कळायचं." त्यांच्या आवाजात खरोखरीचं प्रेम होतं. "आणि हो, ती चप्पल एक अजून हवी आहे. घरात घालायला. कुणाबरोबर तरी पाठवून दे."

"दुकानात या," शमिका म्हणाली. "माप पुन्हा घ्यावं लागेल."

"बघतो," काका म्हणाले.

तिने फोन ठेवला. ग्रंथ बाबांच्या मांडीवर होता. ते त्या सहा ओळी बोट फिरवत वाचत होते, संपल्या की पुन्हा पहिल्या ओळीपासून. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं साधं समाधान होतं की तिला तिकडे बघवेना. चारेक वाक्यं तिच्या तोंडाशी आली होती, सगळी कडू. पेन घेऊन ओळ खोडावी असंही क्षणभर वाटलं. पण खोडायचं म्हणजे त्या पुस्तकाला काही किंमत आहे असं मानायचं, आणि तेवढी किंमत तिला द्यायची नव्हती. नानांनी दिली होती. बाबा अजून देत होते.

"चांगलं लिहिलंय गं जितूने," बाबा म्हणाले. "घरी नेऊ का मी हा?"

"न्या."

दारातून एक नर्स आत आली, ड्यूटीवरून सरळ आलेली, पांढरे कॅनव्हासचे बूट टाचेकडून फाटलेले. ती बाकावर बसली आणि तिने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. "बारा घंटे खड़ी थी," ती म्हणाली. "कुछ भी दे दो जिसमें पैर न जले."

शमिका स्टूल ओढून तिच्यासमोर खाली बसली. "पहले ये उतारिए," ती म्हणाली, आणि नाडी सोडायला लागली.